कौल लागल्यावर

निकाल लागण्यापूर्वीं माणूस काय बोलतो यापेक्षां तो लागल्यावर कसा वागतो, यावरूनच त्याच्या पक्षाची व मनाची खरी पारख होते. वादाच्या भरांत प्रत्येकाच्या तोंडीं न्यायनीतीची भाषा असते. परंतु मतपेट्या उघडल्या, आंकडे जाहीर झाले, एक बाजू वर आणि दुसरी खालीं गेली, म्हणजे विजयी पक्षाचा विनय व पराभूत पक्षाचें धैर्य या दोहोंची कसोटी एकदमच लागते. आयर्लंड देशांत सन २०१८ च्या मे महिन्यांत गर्भपाताच्या प्रश्नावर जें सार्वमत झालें, त्याच्या निकालापेक्षां तो निकाल तेथील लोकांनीं कसा घेतला यांत आम्हांस अधिक शिकण्याजोगें दिसतें. विषय नाजूक आहे. जें मासिक घरांतील वडील माणसें आणि लेकीसुना एकत्र बसून वाचतात, त्यांत तो घ्यावा कीं नाहीं, असा प्रश्न कोणी करील. आमचें उत्तर असें कीं, जी गोष्ट घरांत घडते ती घरांत वाचली जाण्यास हरकत नसावी.

आयर्लंडचें नांव आपल्याकडे परकें नाहीं. सन १९१६ सालीं लोकमान्यांनीं होमरूल संघ स्थापिला, तेव्हां तो शब्दच आयर्लंडच्या चळवळींतून आला होता. पुढें स्वतंत्र हिंदुस्थानची राज्यघटना सिद्ध होत असतां राज्यकारभाराचीं मार्गदर्शक तत्त्वें आपल्या घटनाकारांनीं आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरूनच घेतलीं. मात्र त्या घटनेंतील एक गोष्ट आपण घेतली नाहीं. तिकडे घटनेंतील एक वाक्य बदलावयाचें झालें तरी तें संसदेस परस्पर बदलतां येत नाहीं. तो प्रश्न सर्व मतदारांपुढें ठेवून 'होय' किंवा 'नाहीं' असा त्यांचा कौल घ्यावा लागतो. यासच सार्वमत म्हणतात.

गर्भपात हा तेथें इंग्रजी अमदानींतील १८६१ च्या कायद्यानें गुन्हा होताच. (त्याच्या एकच वर्ष आधीं त्याच सरकारनें आपल्या दंडविधानांतही तो गुन्हा ठरविला होता.) तथापि पुढेंमागें न्यायालयें किंवा संसद हा कायदा सैल करतील, अशी भीति तेथील कॅथलिक मंडळींस वाटली, व त्यांनीं खटपट करून ही बंदी घटनेंतच घालविण्याचा प्रस्ताव आणविला. घटनेची आठवी दुरुस्ती ती हीच. तिचा आशय असा होता कीं, गर्भांतील जीवाचा जगण्याचा हक्क व आईचा जगण्याचा हक्क हे समान होत. ७ सप्टेंबर १९८३ रोजीं लोकांचा कौल घेतला गेला. ८,४१,२३३ मतें दुरुस्तीच्या बाजूनें व ४,१६,१३६ मतें विरुद्ध पडलीं. शेंकडा ६६.९ लोकांनीं होकार दिला.

आपल्याकडे गरोदर बाईस 'दोन जिवांची' म्हणतात. हा शब्द मायेचा आहे. तिला जड उचलूं देऊं नये, तिचे डोहाळे पुरवावे, तिच्या मनास लागेल असें बोलूं नये, हें सांगण्यासाठीं तो योजलेला असतो. आयर्लंडांत तेच दोन जीव कायद्याच्या तराजूंत समोरासमोर घातले गेले, आणि तराजूची दांडी धरावयास डॉक्टर उभा राहिला. पारडें जरा चुकीचें कललें तर त्याच्या नशिबीं तुरुंग. ज्यांनीं ही दुरुस्ती केली त्यांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो प्रसंग घटकाघटकेला पालटतो तो घटनेच्या एका वाक्यांत कोंडावयाचा म्हटलें, म्हणजे काय होतें तें पुढें दिसून आलें.

सन १९९२ सालीं बलात्कारानें गर्भवती झालेल्या एका १४ वर्षांच्या मुलीस इंग्लंडला जाण्यास तेथील न्यायालयानें बंदी केली. मुलगी जीव देण्याच्या गोष्टी बोलूं लागली, देशांत हलकल्लोळ उडाला, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयानें ती बंदी उठविली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पुन्हां सार्वमत होऊन या कामासाठीं परदेशीं जाण्याची मोकळीक लोकांनीं घटनेंत लिहिली. घरांत जें महापाप तें शेजारच्या बेटावर जाऊन केल्यास चालेल, असा हा विलक्षण तोडगा होता. इंग्लंड-वेल्समधील सरकारी नोंदीप्रमाणें एकट्या २०१६ सालीं आयर्लंडचा पत्ता सांगणाऱ्या ३,२६५ स्त्रियांनीं तेथें गर्भपात करविला. ज्यांच्यापाशीं प्रवासास पैसा नव्हता, किंवा ज्यांचें दुखणें प्रवास करूं देत नव्हतें, त्यांस हा तोडगा निरुपयोगी होता.

अशांपैकींच एक आपल्या शेजारची होती. सविता हलप्पनवार ही बेळगांवच्या कानडी घराण्यांतील कन्या. दंतवैद्यकाचें शिक्षण घेतलेली, लग्नानंतर पतीसह आयर्लंडांतील गॉल्वे शहरीं राहिलेली, वय ३१. पहिलटकरीण असून तिला सतरावा आठवडा चालू होता. २१ ऑक्टोबर २०१२ रोजीं पाठ दुखूं लागली म्हणून ती तेथील विद्यापीठ रुग्णालयांत गेली. गर्भ टिकणार नाहीं हें लवकरच स्पष्ट झालें, आणि मग निदान सुटका तरी लवकर व्हावी अशी तिनें व पतीनें विनंती केली. परंतु गर्भाचें हृदय चालू होतें, व तें चालू असे तोंवर कायदा आड येतो असें त्यांस सांगण्यांत आलें. हें कॅथलिक राष्ट्र आहे, असे शब्दही तिच्या कानीं पडले. ते आपण उच्चारल्याचें एका परिचारिकेनें पुढें मृत्युचौकशींत कबूल केलें. २४ तारखेस गर्भ मृतावस्थेंत बाहेर पडला. तोंवर सवितेच्या रक्तांत विष भिनलें होतें. २८ ऑक्टोबर रोजीं ती गेली. रुग्णाची देखरेख करण्यांतही गंभीर चुका झाल्या, असें चौकशींत निघालें, आणि गर्भरक्षणाचा पक्ष शेवटपर्यंत त्यावरच बोट ठेवीत राहिला. परंतु नोव्हेंबरच्या मध्यास ही बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हां जे हजारों लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यांत उभे राहिले, त्यांस एवढें उमगलें कीं, वांचणार नाहीं अशा जीवासाठीं वांचूं शकणारा जीव थांबवून ठेविला होता.

पुढील वर्षीं आईच्या प्राणावर बेतल्यासच गर्भपाताची परवानगी देणारा एक कायदा झाला. त्यानें कोणाचेंच समाधान झालें नाहीं. मग २०१६ सालीं सरकारनें ९९ सामान्य नागरिकांची एक सभा, न्यायमूर्ति मेरी लॅफॉय यांच्या अध्यक्षतेखालीं, बसविली. त्यांत गृहिणी, कारागीर, नोकरदार असे सर्व प्रकारचे लोक होते. आठवड्याच्या सुटीस जमून त्यांनीं वैद्य, वकील व दोन्ही पक्षांचे लोक यांचीं म्हणणीं ऐकलीं, आणि घटनेंतील तें कलम जसेंच्या तसें ठेवूं नये असा अभिप्राय दिला. त्यानंतर २५ मे २०१८ रोजीं मतदान झालें. त्या वेळचे पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यांतील वराड गांवचे. कोंकणांत अडचणीच्या प्रसंगीं गांव देवीपुढें कौल लावतो. वराडकरांनीं तो लोकांपुढें लाविला.

कौल स्पष्ट लागला. १४,२९,९८१ मतें कलम काढावें या बाजूस, ७,२३,६३२ मतें तें राहूं द्यावें या बाजूस. शेंकड्याच्या भाषेंत ६६.४ आणि ३३.६. मतदारांपैकीं शेंकडा ६४ जणांनीं मत दिलें. देशांतील ४० मतदारसंघांपैकीं केवळ डोनेगॉलनें उलट कौल दिला, तोही थोड्या फरकानें. शहरें एका बाजूस व खेडीं दुसऱ्या बाजूस जातील, असें जें भाकित होतें तें साफ खोटें ठरलें. मतदानोत्तर चांचण्यांवरून असें दिसलें कीं, ६५ वर्षांवरील वयाच्या लोकांतच काय ती 'नाहीं' म्हणणारांची सरशी होती.

२६ मे रोजीं डब्लिन किल्ल्याच्या चौकांत निकाल जाहीर झाला. तेथें जमलेल्या समुदायानें आनंदाच्या आरोळ्या दिल्या, लोक एकमेकांच्या गळ्यांत पडून रडले, आणि मधूनच सवितेच्या नांवाचा घोष उठला. शहरांतील एका भिंतीवर तिचें मोठें चित्र काढलेलें होतें. तेथें लोकांनीं फुलें वाहिलीं, व लहान लहान चिठ्ठ्या चिकटविल्या. त्या चिठ्ठ्यांत विजयाची मिरवणूक नव्हती. बहुतेकींत तिची क्षमा मागितलेली होती. बेळगांवास तिच्या वडिलांनीं आयरिश लोकांचे आभार मानले, आणि नवा कायदा होईल त्यास आपल्या मुलीचें नांव द्यावें अशी इच्छा दर्शविली. ती इच्छा पुरी झाली नाहीं. परंतु सहा वर्षें ज्या बापानें परक्या देशाकडे डोळे लावले त्याच्या तोंडून त्या देशाविषयीं कडू शब्द निघाला नाहीं, हें आमच्या मतें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आणखी एक देखावा सांगितला पाहिजे. आयरिश लोकांस परदेशांतून टपालानें मत पाठविण्याची सोय सामान्यतः नाहीं. जो देश सोडून दीड वर्षाच्या आंत परतणार असेल त्यास मतदारयादींत राहतां येतें, पण मत द्यावयास स्वतः यावें लागतें. म्हणून लंडनपासून पार दूरच्या देशांपर्यंत पसरलेलीं तरुण मुलेंमुली विमानांनीं व बोटींनीं त्या आठवड्यांत घरीं आलीं. बंदरांवर आणि विमानतळांवर त्यांचें स्वागत झालें. ज्या समुद्रावरून वर्षानुवर्षें त्यांच्या आया, मावश्या, बहिणी कोणास न सांगतां, खोटें कारण पुढें करून, एकट्याच पलीकडे गेल्या होत्या, तोच समुद्र या मुली उघड्या तोंडानें ओलांडीत होत्या. निकालानंतर पंतप्रधानांनीं जिला शांत क्रांति म्हटलें ती हीच असावी.

आतां पराभूतांकडे वळूं. कारण सात लक्षांहून अधिक माणसें म्हणजे कांहीं मूठभर हट्टी लोक नव्हेत. गर्भांतील जीव दुबळा आहे, त्याला तोंड नाहीं, म्हणून कोणीतरी त्याच्या बाजूनें बोललें पाहिजे, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. त्यांच्या प्रमुख संस्थेनें निकालास इतिहासांतील फार मोठी शोकांतिका म्हटलें. चौकांतील जल्लोष पाहून त्यांतील अनेकांस वेदना झाल्या; ज्या गोष्टीस विजयी पक्षही नाइलाजाची गोष्ट म्हणत होता, तिच्यासाठीं नाचावें कशाला, हा त्यांचा प्रश्न अगदींच गैर नव्हता. परंतु मतमोजणीच्या दिवशींच सकाळीं, अंतिम आंकडे येण्यापूर्वीं, त्यांच्या पुढाऱ्यांनीं आपली हार मान्य केली. मतें चोरलीं, यंत्रें बिघडविलीं, लोकांस भुलविलें, असा कांगावा मोठ्या संस्थांनीं केला नाहीं. दोघांचौघांनीं न्यायालयाचे दरवाजे ठोठावून पाहिले. ते अर्ज फेटाळले गेले, व १८ सप्टेंबर रोजीं दुरुस्ती घटनेंत दाखल झाली. एका बिशपांनीं मात्र, ज्या कॅथलिकांनीं जाणूनबुजून 'होय' म्हटलें त्यांनीं पापनिवेदनास यावें, असें सुचविलें. धर्मगुरूस धर्माचें मत सांगण्याचा अधिकार आहे, हें आम्ही मानतों. पण दोन तृतीयांश यजमानांस एकदम प्रायश्चित्त सांगावयाचें म्हणजे पुरोहितानें प्रथम स्वतःशीं विचार करावा अशी ती वेळ असते.

हारजीत पचविण्याचा असा एक प्रसंग आपल्या लोकांवरही आला होता. १६ जानेवारी १९६७ रोजीं गोव्यांत जनमत घेतलें गेलें : महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासित राहावें? विलीनीकरणास फूल व विरोधास दोन पानें अशीं चिन्हें होतीं. दोन पानांस १,७२,१९१ व फुलास १,३८,१७० मतें पडलीं. ३४,०२१ मतांनीं विलीनीकरण हरलें, आणि महाराष्ट्रांत अनेक घरांत त्या रात्रीं जेवण गोड लागलें नाहीं. परंतु विलीनीकरणाचे पुढारी भाऊसाहेब बांदोडकर यांनीं निकाल मानला. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनीं झालेल्या निवडणुकींत त्याच गोवेकरांनीं राज्यकारभार पुन्हां त्यांच्याच हातीं दिला. जो हार मानतो त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. आयर्लंडांतही नवा कायदा करतांना विजयी पक्षानें पराभूतांच्या मनाची कांहीं बूज राखली. १ जानेवारी २०१९ पासून १२ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा मिळाली, पण मध्यें तीन दिवस विचारास ठेविले. त्यानंतर केवळ आईच्या जीवास अथवा प्रकृतीस गंभीर धोका असेल किंवा गर्भ जगण्याची आशाच नसेल तरच. आणि ज्या डॉक्टराची सद्सद्विवेकबुद्धि या कामास तयार नसेल त्यास सक्ति नाहीं, मात्र त्यानें त्या स्त्रीस दुसऱ्याकडे पाठविलें पाहिजे.

येथें खरा प्रश्न उभा राहतो. १९८३ सालीं शेंकडा ६६.९ लोकांनीं जें कलम घातलें तेंच २०१८ सालीं शेंकडा ६६.४ लोकांनीं काढलें. पस्तीस वर्षांत आंकडे जवळजवळ आरशांतल्याप्रमाणें उलटे झाले. हें कशानें झालें? कोणी म्हणतात, धर्मगुरूंची पत गेली. आणि चर्चच्या संस्थांत मुलांवर व अविवाहित मातांवर जे अत्याचार झाले ते उघडकीस आल्यानें ती गेली हें खरेंच आहे. कोणी म्हणतात, शिक्षण व पैसा वाढला. तेंही खरें. परंतु मतदारांसच जेव्हां विचारलें गेलें, तेव्हां त्यांतील पुष्कळांनीं सांगितलें कीं, वर्तमानपत्रांतून व दूरदर्शनवरून ऐकलेल्या प्रत्यक्ष स्त्रियांच्या हकीगती आणि आपल्या ओळखीच्या माणसांचे अनुभव यांनीं आमचें मत बनविलें. गर्भांत व्यंग असून मूल जगणार नाहीं असें कळल्यावर परदेशीं जाऊन रिकाम्या ओटीनें परतलेल्या स्त्रिया आपल्या नांवानिशीं बोलूं लागल्या. त्या टेबलाच्या पलीकडे बसलेल्या आपल्याच सुना व मुली आहेत, हें आजोबांस कळलें. १९८३ च्या वादांत हरलेल्या आल्वा स्मिथ यांच्यासारख्या स्त्रिया २०१८ च्या विजयी चळवळीच्या अग्रभागीं होत्या; पण ती पस्तीस वर्षें केवळ सभा भरविण्यांत गेलीं नाहींत, तर घराघरांतील तोंडें उघडण्यांत गेलीं. लोकांचें मत बदललें तें व्यासपीठावरून नव्हे, तर जेवणाच्या टेबलावर. तेथें बोलणें आधीं सुटलें आणि कायदा मागून आला.

आपल्याकडे नेमकें उलट घडलें. शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालीं १९६४ सालीं एक समिति नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९७१ सालीं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला, व तो १ एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला. सार्वमत नाहीं, मोर्चे नाहींत, किल्ल्याच्या चौकांत गर्दी नाहीं. जी गोष्ट आयर्लंडास २०१८ सालीं मिळाली ती तिच्याहून उदार रीतीनें हिंदुस्थानास जवळजवळ अर्धशतक आधीं मिळाली होती. २०२१ च्या दुरुस्तीनें ठराविक परिस्थितींत ही मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत गेली, आणि २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अविवाहित स्त्रीसही या बाबतींत विवाहितेच्या बरोबरीनें लेखलें. या कायद्याप्रमाणें सज्ञान स्त्रीची स्वतःची संमति पुरेशी आहे; पतीची अथवा सासूसासऱ्यांची लागत नाहीं. आणि तिच्या संमतीवांचून मात्र कोणीही तिचा गर्भपात करवूं शकत नाहीं. ही शेवटली दोन वाक्यें किती सुशिक्षित घरांत ठाऊक आहेत, याचा प्रत्येकानें आपापल्या मनाशीं शोध घ्यावा. कायदा येऊन पन्नास वर्षें लोटलीं. बोलणें अद्याप सुटलें नाहीं.

धर्मशास्त्राचें नांव पुढें करून हें मौन राखलें जातें, म्हणून त्याविषयीं दोन शब्द. भ्रूणहत्या हें महापातक, आणि गर्भपातन हें स्त्रीस पतित करणारें कर्म, असें याज्ञवल्क्यादि स्मृतिकारांनीं सांगितलें आहे. तें लपविण्याचें आम्हांस कारण नाहीं. गर्भ ही क्षुल्लक वस्तु नव्हे, ही त्यामागील भावना आजही आदरणीय आहे. परंतु स्मृतिकार हे पापपुण्य सांगतात. रोग्याच्या उशाशीं बसतो तो वैद्य. सुश्रुताचार्यांनीं चिकित्सास्थानांत मूढगर्भाचा विचार केला आहे. जिवंत गर्भावर शस्त्र कदापि चालवूं नये, कारण त्यानें आई व मूल दोघेंही मरतील, असें ते सांगतात. आणि त्याच अध्यायांत, मृत गर्भाची शहाण्यानें मुहूर्तभरही उपेक्षा करूं नये, कारण तो आईस झपाट्यानें मारतो, असेंही सांगतात. पहिल्या वचनांत संयम आहे, दुसऱ्यांत त्वरा आहे, आणि दोन्हींत वैद्याची नजर आईवरून हललेली नाहीं. शास्त्राच्या आधारानें कठोर होऊं पाहणारांनीं हा अध्याय अवश्य वाचावा.

मौनाचा परिणाम काय होतो हें आपल्या ब्राह्मण समाजास तरी नव्यानें सांगावयास नको. सन १८६३ सालीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत आपल्या घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह उघडलें, तें मुख्यतः आपल्याच घरांतील विधवांसाठीं. ज्यांस माहेरीं व सासरीं तोंड दाखवितां येत नव्हतें त्यांनीं तेथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें, एवढीच ती सोय होती. आणि ती एका माळ्याच्या घरांत करावी लागली, आपल्या वाड्यांत होऊं शकली नाहीं. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली; अपिलांत ती कमी झाली. त्या प्रसंगीं वृत्तपत्रांनीं सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें, तें पाहून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली, व दोष बाईच्या एकटीच्याच पदरांत कां, असा प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचें उत्तर आपण अद्याप पूर्णपणें दिलेलें नाहीं.

उलट, मौनाचा एक नवाच उपयोग आपण शोधून काढला. जो कायदा स्त्रीचे प्राण व प्रकृति राखण्यासाठीं झाला, त्याच्या आडोशानें मुलींचे गर्भ पाडले गेले. १९८८ सालीं महाराष्ट्रानें गर्भलिंगपरीक्षेवर निर्बंध घालणारा कायदा देशांत सर्वांत आधीं केला, व १९९४ सालीं तो सर्व देशासाठीं झाला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुलींची संख्या महाराष्ट्रांत १९९१ सालीं ९४६ होती ती २०११ सालीं ८९४ वर आली. हें काम अडाणी लोकांचें नव्हे; त्यास पैसा, यंत्र आणि डॉक्टर लागतो. आणि त्यास सर्वांत अधिक लागते ती घरांतील चुप्पी. माजघरांत कोणी सुनेस विचारलें नाहीं, ओसरीवर सर्व ठरलें. आयर्लंडांत कायद्यानें स्त्रीचें तोंड दाबलें होतें. येथें कायद्यानें तें उघडें ठेविलें असतां घरानें दाबलें. दोहोंतील अपराध एकच आहे : जिच्या पोटाचा प्रश्न तिलाच न विचारणें.

एकत्र कुटुंबांत याचें साधें रूप कसें असतें तें पाहा. सुनेचे दिवस राहिले नाहींत. सासू 'अंगावर गेलें' एवढेंच दबक्या आवाजांत चुलतसासूस सांगते. मुलांस 'काकूला बरें नाहीं' असें सांगण्यांत येतें. चौथ्या दिवशीं ती चुलीपुढें उभी राहते, पति नित्याप्रमाणें कचेरींत जातो, आणि महिन्याभरानें कोणी पाहुणीण हंसत 'गोड बातमी कधीं?' म्हणून विचारते. या सर्वांत दुष्टपणा कोणाचाच नसतो. आजीच्याही आयुष्यांत असें दोनतीनदां घडलेलें असतें. तिनें तें कधीं उच्चारलें नाहीं, म्हणून सुनेनेंही उच्चारूं नये असें तिला वाटतें. परंतु ज्या दिवशीं आजी सुनेजवळ बसून 'माझीं दोन राहिलीं नाहींत' एवढें सांगेल, त्या दिवशीं त्या घरांत जें घडेल तें कोणत्याही संसदेच्या हातून व्हावयाचें नाहीं. पुरुषांनीं येथें फार कांहीं बोलावयाचें नाहीं. विचारावयाचें, व उत्तर मिळेल तें ऐकून घ्यावयाचें, एवढेंच त्यांचें काम आहे. आणि डॉक्टराकडे सही करण्याची वेळ आली, तर ती कोणाच्या इच्छेनें होते आहे हें घरांतील कर्त्या पुरुषानें एकांतांत तिलाच विचारून घ्यावें.

गर्भपात बरा कीं वाईट, याचा निर्णय सर्व प्रसंगांसाठीं एकदम करून टाकण्याची आमची इच्छा नाहीं. आयर्लंडनें तसा निर्णय १९८३ सालीं केला, आणि त्याची किंमत इतरांबरोबर बेळगांवच्या एका मुलीनें दिली. ज्यांस गर्भ पवित्र वाटतो त्यांनीं तसें मानावें, मुलीबाळींस तसें शिकवावें, आणि पराभव झाला तरी डब्लिनच्या त्या पराभूतांप्रमाणें सभ्यपणें उभें राहावें. ज्यांस स्त्रीचा अधिकार मोठा वाटतो त्यांनीं विजयाच्या वेळींही भिंतीवर क्षमेच्या चिठ्ठ्या लावणारांचें स्मरण ठेवावें. सवितेला आयरिश लोकांनीं कधीं पाहिलेलें नव्हतें. तिचें नांवही त्यांस नीट उच्चारतां येत नसेल. तरी तिची गोष्ट त्यांनीं ऐकून घेतली व तिच्यावरून आपल्या घरांतील गोष्टी ऐकावयास ते शिकले. आपल्या घरांतील सविता तर आपल्या डोळ्यांपुढें वावरत आहेत. त्यांची गोष्ट ऐकावयास कोणाच्या मरणाची वाट पाहावी लागूं नये, एवढेंच या महिन्याचें आमचें मागणें आहे.